कमावणारा एक, खाणारी तोंडं सहा : आयकराच्या मर्यादेत घर कुठे बसतं?

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असं जाहीर केलं. पगारदारांसाठी हा आकडा पावणेतेरा लाखांवर गेला. तेव्हापासून "आपण करात बसतो का?" या प्रश्नाला लोक एका आकड्यात उत्तर देतात. आकडा बरोबरच आहे, पण तो एका माणसाचा आहे. घरात कमावणारे किती आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले किती, याची दखल आपला आयकर जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे सारखीच मर्यादा एका घराला ऐसपैस होते आणि दुसऱ्या घराला अपुरी पडते. किती अपुरी, हे सरासरी कमाईशी ताडून पाहिलं की नीट कळतं.

समजा, पुण्यात दोन घरं आहेत. पहिल्या घरात कमावणारा एकच, वर्षाचा पगार १८ लाख. मुलं लहान म्हणून बायकोने नोकरी सोडलेली, दोन मुलं, शिवाय आई-वडील. वडिलांना पेन्शन नाही. म्हणजे एका पगारावर सहा माणसं. दुसऱ्या घरात नवरा-बायको दोघंच. दोघंही नोकरीला, प्रत्येकी १२ लाख पगार. मूलबाळ नाही, दोघांचेही आई-वडील गावी आपापल्या पेन्शनवर.

पहिल्या घराचा कर काढू. नव्या करप्रणालीत, म्हणजे जिथे दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत, १८ लाखांतून ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट) वजा होतं, उरतात १७ लाख २५ हजार. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्क्यांनी २० हजार, ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४० हजार, १२ ते १६ वर १५ टक्क्यांनी ६० हजार, आणि वरच्या सव्वा लाखावर २० टक्क्यांनी २५ हजार. बेरीज १ लाख ४५ हजार. त्यावर ४ टक्के सेस (उपकर) धरला की १ लाख ५० हजार ८०० रुपये.

दुसऱ्या घराचा कर शून्य. दोघांचंही उत्पन्न आपापल्या मर्यादेच्या आत आहे. घरात वर्षाला २४ लाख येतात, तरीही शून्य. इतकंच काय, दोघांचा पगार पावणेतेरा-पावणेतेरा लाख असता आणि घरात साडेपंचवीस लाख येत असते, तरी कर शून्यच राहिला असता.

माणशी हिशेब केला तर पहिल्या घरात ३ लाख येतात आणि दुसऱ्या घरात १२ लाख. कर भरतं ते पहिलं घर. यात कुणी चलाखी केलेली नाही की काही लपवलेलं नाही, कायदाच तसा लिहिलेला आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण इथे पुष्कळ जणांची गल्लत होते. "१२ लाख" ही करमुक्त पातळी नाही. करमुक्त टप्पा फक्त ४ लाखांचा आहे. ४ लाखांच्या वर कराची आकारणी होतेच, पण एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर आकारलेला कर, जास्तीत जास्त ६० हजार, रिबेट म्हणून माफ होतो. १२ लाख ओलांडले की रिबेट जातो आणि हिशेब पुन्हा ४ लाखांपासून सुरू होतो. सीमारेषेच्या जरा वर असलेल्यांना थोडी सवलत आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर ६१,५०० नाही, फक्त वरचे १० हजार आणि त्यावरचा सेस भरावा लागतो. ही सवलत १२ लाख ७० हजारांच्या आसपास संपते. शिवाय शेअर विकून झालेला भांडवली नफा किंवा लॉटरी यांच्यासारखं खास दराचं उत्पन्न या माफीत येत नाही. आणि कर शून्य असला तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावाच लागतो.

आता मर्यादा सरासरी कमाईच्या शेजारी ठेवू. देशाचं दरडोई निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न २०२४-२५ मध्ये, २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेनुसार, सुमारे २ लाख ५ हजार रुपये होतं. म्हणजे १२ लाखांची मर्यादा सरासरीच्या जवळपास सहापट आहे. दरडोई उत्पन्नात तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे मोजलेले असतात, म्हणून नुसत्या पगाराशीही तुलना करायला हवी. सरकारच्या श्रमबल पाहणीत २०२४ च्या मध्याला नियमित पगारावर असलेल्यांची सरासरी कमाई महिन्याला सुमारे २१ हजार होती, स्वतःचा धंदा किंवा शेती करणाऱ्यांची १३ ते १४ हजार. महिना २१ हजार म्हणजे वर्षाला अडीच लाख. पगारदाराची पावणेतेरा लाखांची मर्यादा याच्या पाचपट झाली.

जगात हे चित्र सहसा उलटं असतं. ब्रिटनमध्ये करमुक्त रक्कम १२,५७० पौंड आहे आणि ती २०२१ पासून गोठवलेली आहे. तिथल्या पूर्णवेळ कामगाराची मधली कमाई २०२५ मध्ये सुमारे ३९ हजार पौंड होती. म्हणजे मर्यादा सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाला. तिथे दुकानात काउंटरवर बसणारी मुलगीही आयकर भरते. आपल्याकडे सरासरी पगाराचा माणूस आयकराच्या जवळपासही येत नाही. म्हणून आयकराचा भार थोड्यांवर पडतो आणि उरलेले सगळे जीएसटीच्या रूपाने साबणापासून मोबाइल रिचार्जपर्यंत कर देत राहतात.

महाराष्ट्रातल्या साध्या पगारदाराला खरी भेटते ती पगारातली दुसरीच कपात : व्यवसाय कर. रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये तो सुरू झाला. महिन्याला १० हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. २०२३ पासून महिलांना महिना २५ हजारांपर्यंत सूट आहे. २१ हजार कमावणाऱ्या पुरुषाची पगाराची स्लिप पाहिलीत तर आयकराच्या रकान्यात शून्य आणि व्यवसाय कराच्या रकान्यात २०० दिसेल. आणि २,५०० ही संविधानाने घातलेली कमाल मर्यादा असल्यामुळे महिना दोन लाख कमावणाराही तेवढेच भरतो. मला हे खटकतं, पण तो वेगळा विषय आहे.

मूळ मुद्दा माणसांचा. १२ लाखांना घरातल्या डोक्यांनी भागून पाहा. एकटा राहणारा, कुणाची जबाबदारी नसलेला माणूस असेल तर माणशी १२ लाख, देशाच्या सरासरीच्या सहापट. नवरा-बायको आणि दोन मुलं, कमावणारा एक, तर माणशी ३ लाख, सरासरीच्या दीडपट. सहा जणांचं घर असेल तर माणशी २ लाख. म्हणजे सहा माणसांच्या घरात, जिथे एकच जण कमावतो, आयकर सुरू होतो तो जवळजवळ देशाच्या सरासरी दरडोई उत्पन्नावर. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीने २०२४-२५ साठी अंदाजलेलं दरडोई उत्पन्न ३ लाख ९ हजार आहे. त्या मापाने चौघांचं घरही राज्याच्या सरासरीच्या किंचित खालीच येतं. "सरासरीच्या सहापट कमावणाऱ्यालाच कर लागतो" हे विधान एकट्या माणसाबाबत खरं आहे, सहा जणांच्या घराबाबत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सहा माणसांना एकाच्या सहापट खर्च येत नाही. स्वयंपाकघर एक, घरभाडं एक, वर्तमानपत्र एक. म्हणून अर्थशास्त्रज्ञ माणसं मोजताना वजन लावतात. जास्त वापरात असलेल्या एका पद्धतीत घरातल्या पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला अर्धा आणि १४ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला ०.३ धरतात. आपल्या पहिल्या घरात चार प्रौढ आणि दोन लहान मुलं, म्हणून १ अधिक दीड अधिक ०.६, एकूण ३.१. अठरा लाखांना ३.१ ने भागलं की ५ लाख ८० हजार येतात. दुसऱ्या घराचं माप दीड, २४ लाख भागिले दीड म्हणजे १६ लाख. वजन लावूनही दुसरं घर पावणेतीनपट सुस्थितीत आहे, आणि कर पहिल्याच घराला.

"मग पहिल्या घराने जुनी करप्रणाली घ्यावी, तिथे घरच्यांसाठी वजावटी आहेत," असं कुणी म्हणेल. आकडे घालून पाहू. स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार. विमा, पीएफ, दोन मुलांची शाळेची ट्यूशन फी वगैरे मिळून दीड लाख. स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे २५ हजार आणि ज्येष्ठ आई-वडिलांच्या विम्याचे ५० हजार. घरकर्जाच्या व्याजाचे २ लाख. सगळ्या वजावटी पुरेपूर घेतल्या तरी करपात्र उरतात सव्वातेरा लाख. जुन्या टप्प्यांनी त्यावर सेस धरून २ लाख १८ हजार ४०० रुपये कर होतो, नव्यापेक्षा ६७ हजारांनी जास्त. या पगाराला जुनी प्रणाली परवडायची तर साधारण ६ लाख ९० हजारांच्या वजावटी लागतात. कुटुंबासाठी म्हणून जे काही कायद्यात होतं ते असं हळूहळू निरुपयोगी झालं. मुलांच्या शिक्षण भत्त्याचंच पाहा. १९६१ च्या कायद्याखालच्या नियमांत त्याची करमुक्त रक्कम वर्षानुवर्षे दर मुलामागे महिना १०० रुपये राहिली, तीही दोनच मुलांपर्यंत. वसतिगृहासाठी ३००. आज १०० रुपयांत मुलाची एका महिन्याची रिक्षाही होत नाही.

आपला कायदा पहिल्यापासून असा नव्हता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९५५ च्या अर्थसंकल्पात चिंतामणराव देशमुखांनी विवाहित आणि अविवाहित असा भेद आणला. महाडजवळच्या नाते गावचे हे देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. त्या वेळी ४,२०० रुपयांपर्यंत कर नव्हता. त्यावर उत्पन्न गेलं की पहिला काही भाग करमुक्त धरून उरलेल्यावर आकारणी व्हायची. आजच्या १२ लाख आणि ४ लाख या जोडीसारखीच रचना. तो करमुक्त पहिला भाग देशमुखांनी विवाहितांसाठी २,००० आणि अविवाहितांसाठी १,००० केला. कुटुंब भत्त्याच्या दिशेने टाकलेलं ते मर्यादित पाऊल होतं. पुढे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी १९५७ मध्ये ४,२०० ची मर्यादा खाली आणून ३,००० केली, पण मुलांसाठी सवलत जोडली. विवाहिताला मूल नसेल तर ३,०००, एक असेल तर ३,३०० आणि दोन किंवा अधिक असतील तर ३,६०० रुपये करमुक्त. म्हणजे दर मुलामागे ३००, दोन मुलांपर्यंत.

त्या ३०० चं मोल काय होतं? प्रशांतचंद्र महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या राष्ट्रीय उत्पन्न समितीने स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांसाठी काढलेलं दरडोई उत्पन्न वर्षाला अडीचशे रुपयांच्या आसपास होतं. एका मुलासाठीची सूट एका माणसाच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाइतकी किंवा थोडी जास्तच होती! आजच्या भाषेत सांगायचं तर दर मुलामागे दोन लाखांची सूट. तेव्हाची ४,२०० ची मर्यादाही दरडोई उत्पन्नाच्या पंधरापटीच्या घरात होती, आयकर भरणारा वर्ग अगदीच लहान होता. विवाहित-अविवाहित आणि मुलांचा हा हिशेब १९७० च्या दशकापर्यंत कायद्यातून गेला आणि सर्वांना एकच मर्यादा आली. कारण समजण्यासारखं होतं : तपासायला सोपं, भांडणं कमी. महिलांसाठी थोडी जास्त मर्यादा मधली काही वर्षं होती, २०१०-११ मध्ये पुरुषांना १ लाख ६० हजार तर महिलांना १ लाख ९० हजार. २०१२-१३ पासून तीही एक झाली. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी कर मोजायचं मुख्य एकक माणूसच राहिलं. हिंदू अविभक्त कुटुंब हा वेगळा करदाता कायद्यात आहे खरा, पण तो वडिलोपार्जित मालमत्तेच्या उत्पन्नासाठी. तुमचा पगार त्यात टाकता येत नाही.

पूर्वी पोर्तुगीजांकडे असलेल्या काही भागांत मात्र आजही नवरा-बायकोचं उत्पन्न निम्मं-निम्मं मोजलं जातं, आणि त्यातलं एक ठिकाण आपल्या शेजारी आहे : गोवा. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून आयकर कायद्याने १९९४ मध्ये खास कलम घालून ते मान्य केलं. अशा जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंद्याचा नफा, घरभाडं, व्याज, भांडवली नफा, दोघांत समान वाटून प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये दाखवलं जातं.

याचा परिणाम सीमेवर जाऊन बघण्यासारखा आहे. म्हापशात एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे, वर्षाचा निव्वळ नफा २४ लाख, बायको घर सांभाळते, दुसरं उत्पन्न नाही. १२ त्याचे, १२ तिचे. दोघांचाही कर शून्य. पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला या. तसंच दुकान, तेवढाच नफा, तसंच घर. इथे २४ लाख एकट्या दुकानदाराचे. कर ३ लाख, सेससह ३ लाख १२ हजार. म्हापशाची बाई घरी राहून दुकानाच्या उत्पन्नाची अर्धी मालकीण आहे आणि बांद्याची बाई, जी बहुधा दुपारी गल्ल्यावरही बसते, कायद्याच्या लेखी कुणी नाही. मला या तुलनेत करापेक्षा हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता सरकारच्या दुसऱ्या हाताकडे पाहू, देणाऱ्या. तिथे कुटुंब बरोबर मोजलं जातं. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला हवा असेल तर कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं, आणि त्यात अर्जदार, आई-वडील, जोडीदार, अज्ञान भावंडं आणि मुलं सगळ्यांची कमाई धरतात. 'लाडकी बहीण'चे महिना १,५०० हवे असतील तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. कर घेताना माणूस एकेकटा आणि लाभ देताना सारं कुटुंब एकत्र. त्यातही माणसं किती हे कुणी विचारत नाही : ८ लाख तिघांच्या घराला तेवढेच आणि आठ जणांच्या घराला तेवढेच. डोकी मोजणारी एकच ठळक जागा उरते, रेशन दुकान. प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळतं, कार्डावर जितकी नावं तितके पाच किलो. म्हणजे घरात किती माणसं आहेत हे सरकारला माहीत नसतं असं मुळीच नाही.

मग नवरा-बायकोचा एकत्र रिटर्न हा उपाय का नको? चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने, आयसीएआयने, २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी तसा पर्याय देण्याची शिफारस केली होती. अमेरिकेत तो आहेच. न्यू जर्सीत नोकरीला गेलेल्या आणि बायकोला तिथे काम करायची परवानगी नसलेल्या कितीतरी मराठी घरांना त्याचा फायदा होतो : २०२५ साठी एकट्याची स्टँडर्ड वजावट १५,७५० डॉलर, जोडप्याची बरोबर दुप्पट. जर्मनीत १९५८ पासून जोडप्याचं उत्पन्न दोघांत विभागून कर काढतात. फ्रान्स त्याच्याही पुढे जातो. तिथे १९४५ पासून घराचे 'भाग' पाडतात : जोडप्याचे दोन, पहिल्या दोन मुलांचा अर्धा-अर्धा, तिसऱ्यापासून प्रत्येकी एक. उत्पन्न या भागांत वाटून दर लावतात. मुलांमुळे मिळणाऱ्या फायद्यावर कमाल मर्यादा आहे, नाहीतर सगळी मलई श्रीमंतांनाच गेली असती.

पण एकत्र मोजणीची एक वाईट बाजू आहे आणि ती बायकांना भोवते. नवरा आधीच २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल आणि बायकोने महिना ४० हजारांची नोकरी धरली, तर एकत्र हिशेबात तिच्या पगारावरही वरच्याच दराने कर लागण्याची शक्यता असते. मग घरात गणित सुरू होतं : पाळणाघर, प्रवास, वर कर, हातात उरणार काय, त्यापेक्षा घरीच राहा. आजच्या आपल्या पद्धतीत १२ लाखांची मर्यादा तिची स्वतःची, वेगळी असते. ब्रिटनने १९९० मध्ये विवाहित स्त्रीला स्वतंत्र करदाता केलं, तोवर तिचं उत्पन्न नवऱ्याच्या नावाखाली मोजलं जात होतं. आपल्याकडे नोकरी करणाऱ्या शहरी बायकांची संख्या आधीच कमी आहे. त्यांच्या वाटेत आणखी एक धोंडा टाकू नये असं मला ठामपणे वाटतं.

माझ्या मते नवरा-बायकोचा कर वेगळाच राहू द्यावा आणि कमावणाऱ्याला त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांमागे ठरावीक करमाफी द्यावी, मग तो पुरुष असो की स्त्री. वजावट नको, कारण वजावटीचा फायदा वरच्या दराच्या माणसाला जास्त होतो. ३० टक्के भरणाऱ्याचे लाखामागे ३० हजार वाचतात, ५ टक्के भरणाऱ्याचे ५ हजार. दर माणसामागे समजा १५ हजार रुपये करातून सरळ वजा केले, तर पहिल्या घरातल्या पाच अवलंबितांचे ७५ हजार होतात आणि १ लाख ४५ हजारांचा कर ७० हजारांवर येतो. दुसऱ्या घराला काही फरक पडत नाही. आई-वडील यात धरलेच पाहिजेत. युरोपात मुलं मोजली की भागतं, कारण म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन असते. आपल्याकडे ती पेन्शन म्हणजे कमावता मुलगा किंवा मुलगी.

आणि तरीही हे सांगायला हवं की सहा तोंडांची बहुतेक घरं या माफीपर्यंत पोचणारच नाहीत. महिना २१ हजारांत सहा जणांना जगवणाऱ्याला आयकरच नाही, मग माफी कशातून देणार? ब्रिटनसमोर हाच प्रश्न होता. तिथे मुलांसाठी करात सवलत आणि वेगळा कुटुंब भत्ता असं दोन्ही चालायचं. १९७७ ते १९७९ च्या दरम्यान दोन्ही मिळून मुलामागे रोख रक्कम सुरू झाली, बहुतेक घरांत ती थेट आईच्या हाती पडू लागली. करमाफी ज्यांना कर आहे त्यांच्यापुरती, रोख रक्कम सगळ्यांना.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. एकट्याच्या कमाईवर मोठं घर चालवणाऱ्याला आजच्या कायद्यात एक सरळ वाट आहे, ती मात्र नीट समजून घ्यावी. बायकोच्या नावावर पैसे टाकले तर त्याचं व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवतात, अज्ञान मुलाचंही तसंच. सासू-सासऱ्यांनी सुनेच्या नावावर टाकलं तरी तेच. आई-वडिलांना किंवा सज्ञान मुलांना दिलेल्या पैशाला मात्र हा नियम नाही. आपल्या पहिल्या घरातल्या कमावत्या मुलाने स्वतःची २० लाखांची ठेव आईला बक्षीस दिली आणि ७ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ४० हजार व्याज आलं, तर ते आईचं उत्पन्न ठरतं. तिला कर शून्य, आणि मुलाचे वर्षाला २९ हजारांहून थोडे जास्त वाचतात. ज्येष्ठांच्या बाबतीत एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस (व्याज देतानाच बँकेने कापायचा कर) कापला जातो, म्हणून कर लागत नसल्याचं स्वयंघोषणापत्र बँकेत वेळेवर द्यावं लागतं. बक्षीसपत्र साधं का होईना लिहून ठेवावं आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. आणि एकदा दिलेले पैसे आईचेच होतात. तिने मृत्युपत्र केलं नाही तर तिच्या पश्चात ते सगळ्या वारसांत वाटले जातील, बँकेत तुमचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरीही. तेव्हा घरात भावंडं असतील तर हे पाऊल त्यांना सांगूनच उचलावं.